रिकिबीतलं भोक

पडद्यावर दिसतंय ते माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. मध्यकर्णातली रिकीब, म्हणजे स्टेपीज. उंची साधारण 3 मिलिमीटर. घोडेस्वार पाय अडकवतो, अगदी तशीच घडण: दोन दांड्या, खाली सपाट पाया आणि मधे भोक.

हे भोक पडलं एका रोहिणीमुळे.

गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना रिकिबीच्या जागी पेशींचा नुसता गोळा असतो आणि त्याच्या आरपार एक रक्तवाहिनी जाते, स्टेपीडियल आर्टरी. गोळा वाढतो तो तिच्याभोवती कडं करून. त्या दिवसांत चेहऱ्याच्या आणि मेंदूवरच्या आवरणाच्या बऱ्याच भागाला रक्त हीच पोचवते. मग बाह्य कॅरोटिड या मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या फांद्या तिथवर पोचतात, तिचा सगळा इलाखा ताब्यात घेतात आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तिचं खोड विरून जातं. भोक तेवढं उरतं.

उंदरांमध्ये मात्र ती आयुष्यभर रिकिबीतून वाहत राहते.

काही माणसांतही ती विरत नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ योझेफ हिर्टल यांनी 1836 मध्ये याची पहिली नोंद केली. शंखास्थी, म्हणजे कान ज्यात असतो ती कवटीची हाडं, तपासल्या तर हजारात पाचेक सापडतात. ऑपरेशनच्या टेबलावर ती याहून कितीतरी कमी वेळा भेटते.

बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. एखाद्याला कानात ठोक्यागणिक सूं-सूं ऐकू येतं, इतकंच. सीटी स्कॅनवर तिची खूण शोधायची ती फक्त कानात नाही, कवटीच्या तळाशीही. तिथे फोरॅमेन स्पायनोसम नावाचं एक छोटं छिद्र असतं. मेंदूच्या आवरणाची रोहिणी त्यातून वर चढते. ती रोहिणी स्टेपीडियलमधूनच निघाली असेल, तर ते छिद्र लागतच नाही. म्हणजे एक भोक भरलेलं, तर दुसरं गायब! अर्थात छिद्र नसण्याला इतर कारणंही असतात, त्यामुळे एवढ्यावर निदान होत नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूची नळी मध्यकर्णात रुंद दिसते का, तेही पाहावं लागतं, कारण ही रोहिणी पुढे त्याच नळीत शिरते.

ओटोस्क्लेरोसिस या कानाच्या आजारात रिकीब जागीच घट्ट बसते, ऐकू येणं कमी होतं. सर्जन कानाचा पडदा उचलतात, सूक्ष्मदर्शकातून खाली पाहतात. रिकिबीच्या सपाट पायात बारीक छिद्र पाडून कृत्रिम दांडी बसवायची असते. आणि नेमकी तिथेच, दोन दांड्यांच्या मधे, एक लाल नळी धडधडत असते. ती लहान असेल, बाजूला जागा असेल, तर काही सर्जन काम पुढे नेतात. काही जण पडदा परत जागेवर ठेवतात आणि रुग्णाला श्रवणयंत्र सुचवतात.