चिंच, मीठ आणि आमची इंटर्न

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे संग्रहालयं आणि कलासंस्थांमधली इंटर्नशिप कशी आखावी. मला विषय कळला तेव्हा मीच जांभई दिली, म्हणून सुरुवात समयांपासून करतो.

मी बावीस वर्षं एका छोट्या संग्रहालयात काढली, तालुक्याच्या गावातलं, ट्रस्टचं. नाव सांगत नाही, फजिती आमचीच आहे. तर एका मे महिन्यात इतिहासाच्या एमएची एक मुलगी कॉलेजचं पत्र घेऊन आली, दोन महिने इंटर्नशिप करायचीय म्हणाली. आमच्याकडे त्याआधी कुणी इंटर्न आलंच नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळे खूश, तिला चहा काय, खुर्ची काय, आणि तिला काम काय द्यायचं हे मात्र एकालाही ठाऊक नाही. पहिले चार दिवस तिने पाकिटांवर पत्ते लिहिले. पाचव्या दिवशी मला ऑडिटसाठी जिल्ह्याला जायचं होतं, एसटीची वेळ झालेली, मी चपला घालता घालता म्हणालो, अगं, त्या मागच्या खोलीतल्या समया बघ जरा, फार कळकट झाल्यात.

आता "बघ जरा" म्हणजे काय, हे ना मी सांगितलं ना तिने विचारलं.

संध्याकाळी परत येतो तर व्हरांड्यात गोणपाटावर अकरा समया ओळीने सुकत ठेवलेल्या, गौरींच्या आदल्या दिवशी घरी ठेवतात ना तशा, आणि लखलखीत! शिपाईमामांनी घरून चिंच आणि मीठ आणून दिलेलं, काथ्याही त्यांचाच, आणि दोघंही माझ्याकडे शाबासकीच्या नजरेने बघतायत. मी एक समई उचलून उलटी केली. बुडाशी लाल ऑइलपेंटने लिहिलेला नंबर असायचा, तो नाही. दुसरी बघितली, नाही. अकराच्या अकरा कोऱ्या.

नंबर गेला म्हणजे काय गेलं ते सांगतो. संग्रहालयातल्या वस्तूच्या अंगावर जो नंबर असतो तोच नोंदवहीत असतो, त्यापुढे वस्तू कुणी दिली, कुठल्या गावची, कधी आली हे लिहिलेलं असतं. नंबर गेला की ती भांड्याच्या दुकानातली समई. शिवाय पितळेवरचा जुना काळपट थर गेला तो गेलाच, आणि मीठ सांध्यांत राहिलं तर पुढे हिरवी भुकटी सुटते ती वेगळीच. घरची समई चिंचेने खुशाल घासा, संग्रहालयातली नाही.

पोरगी रडकुंडीला आली. मी ओरडलो नाही, कारण ओरडायचं कुणावर? मीच सांगितलं नव्हतं.

मग खरी इंटर्नशिप सुरू झाली बघा. पन्नासच्या दशकातली नोंदवही काढली, त्यात पानभर "समई, पितळी, नग १" एवढंच, पण सुदैवाने पुढे उंची इंचात आणि वजन शेरात दिलेलं. मामांनी किराणावाल्याकडून काटा आणला, ती रोज समई तोलायची, शेराचे ग्रॅम करायची, एक शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम, आणि टेप लावून उंची बघायची. तीन आठवड्यांत आठ समया जुळल्या. नववी जुळली ती बुडाच्या कडेला कोरलेल्या नावावरून, सौ. अमुक तमुक, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं, आणि वहीत देणगीदाराचं आडनावही तेच. ते नाव काही घासल्यामुळे उगवलेलं नव्हतं हो, आधीपासून होतं, आम्हीच इतक्या वर्षांत कधी वाचलं नव्हतं. राहिल्या दोन. सारख्याच उंचीच्या, आणि कारकुनाने वजन जवळच्या पावशेरात लिहिलेलं, त्यामुळे वहीतही दोघी सारख्याच.

घड्याळ बघतो, अरे, अर्धा वेळ गेला की. असो, मुद्द्यावर येतो.

इंटर्नला तीन गोष्टी द्या: एक काम, एक माणूस, एक वही. काम असं की जे दोन महिन्यांत संपेल, "मदत कर" हे काम नव्हे, "या पन्नास अडकित्त्यांचे फोटो आणि मापं घे" हे काम. आणि कामाला तोटा नसतो, पुण्याच्या केळकर संग्रहालयात २० हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या जेमतेम अडीच हजार, बाकीच्या सगळीकडे असतात तशा कोठीत. माणूस म्हणजे जो आठवड्यातून अर्धा तास तिच्यासमोर बसेल, फोन बाजूला ठेवून. वही तिची रोजची, आज काय हाताळलं, काय कळलं नाही. पुन्हा सांगतो, एक काम, एक माणूस, एक वही.

पहिला आठवडा फक्त हाताळणी शिकवा, अंगठ्या काढायच्या, धातूला हातमोजे, वस्तू कडीला धरून उचलायची नाही, दोन्ही हात खाली. नंबर टाकायचा तर थेट रंगाने नाही, आधी पॅरालॉइडचा, म्हणजे एका ॲक्रिलिक राळेचा पारदर्शक थर, त्यावर नंबर, वर पुन्हा थर, म्हणजे तो काथ्याने सहज जात नाही आणि काढायचाच झाला तर ॲसिटोनने निघतो.

आणि पैसे द्या हो. अमेरिकेत कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये ठराव केला की इंटर्नना मानधन द्यावं, कारण फुकट राबायचं कुणाला परवडतं, ज्याच्या घरी आहे त्यालाच. आपल्याकडे निदान एसटीचा पास आणि दुपारचा डबा तरी. त्याऐवजी आपण देतो काय तर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर अध्यक्षांचा फोटो इंटर्नच्या नावापेक्षा मोठा. आणि त्यातही शुद्धलेखनाच्या चुका! दालनातल्या पाट्यांची तीच तऱ्हा, "प्राचिन" वाचून मला आजही खडू घेऊन उठावंसं वाटतं. असू दे.

आमची ती मुलगी पुढे बडोद्याला गेली, तिथे सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. हे शिक्षण मुंबईतही मिळतं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर डिप्लोमा आहे, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचाही अभ्यासक्रम आहे, ज्यांना आवड असेल त्यांनी चौकशी करावी.

त्या दोन समया अजून मागच्या खोलीत कपाटात आहेत. दोन्हींच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे, तिच्याच अक्षरातली: "दोघींपैकी एक १३७, एक १३८. कुठली कोण ते माहीत नाही. घासू नये."