घराला एक पावसाळा द्या

मंडळी, आमच्या घरावर कौलं चढली ती चैत्रात. कुडाळ तालुक्यातलं गाव, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. गावात एकदा कौलं चढली की भेटेल तो एकच विचारतो, वास्तुशांत कधी? अक्षय्य तृतीया तीन आठवड्यांवर आली होती. मुंबईच्या नातेवाइकांनी तिकिटंसुद्धा काढली होती. मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, पण उभं राहून, हातात थापी घेऊन बांधलेलं हे माझं पहिलंच घर. त्या तीन आठवड्यांत मी जे केलं, ते तुम्ही करू नये एवढ्यासाठी आज बोलायला आलो आहे.

आम्ही देवघर आणि त्याला लागून असलेली पश्चिमेची खोली आतून पूर्ण करून टाकली. सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत रंग. बाकीच्या खोल्यांना वेळ मिळाला नाही, त्या उघड्या चिऱ्याच्याच राहिल्या. वास्तुशांत थाटात झाली. पाहुण्यांनी देवघराचे फोटो काढले. मग मृग लागला.

आषाढ संपता संपता देवघराच्या पाठभिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंग फुगायला लागला. बोटानं दाबला की आत पोकळ वाजायचा. नारळी पौर्णिमेला मी एक फुगा नखानं उकलला. आत पांढरी, कापसासारखी भुकटी. जिभेला लावून बघितली तर खारट. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हा. आणि शेजारच्या उघड्या खोलीत काय होतं? तिथला चिराही भिजलेला होता, काळपट दिसत होता, पण दिवाळीला तो आपोआप सुकून पुन्हा लालभडक झाला. त्याचं काहीही बिघडलं नव्हतं.

हे असं का होतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो म्हणून तर तासता येतो, आणि उघड्यावर हवा-ऊन खाऊन कठीण होतो. पण त्याची भोकं तशीच राहतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा मारतो. पश्चिमेची भिंत पाणी पिणारच. जोत्यातूनही ओल थोडी वर चढते. प्यायलेलं पाणी भिंतीला कुठून तरी सोडायचं असतं. आतून आपण पुट्टी आणि प्लास्टिक रंगाचा पापुद्रा चढवला की ती वाट बंद. मग पाणी पापुद्र्यामागे साठतं, सोबत आणलेले क्षार तिथेच सोडतं, क्षारांचे खडे फुगतात आणि रंगाला ढकलून देतात. रंगाच्या डब्यात दोष नसतो. रंगाऱ्यातही बहुतेक वेळा नसतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. छप्पर झालं, दारं-खिडक्यांच्या चौकटी बसल्या, की थांबा. एक अख्खा पावसाळा घर आतून उघडं ठेवा. आणि तो पावसाळा नुसता जाऊ देऊ नका, घरात राहून बघा. निदान महिन्यातून दोन-तीन वेळा तरी जा.

आम्ही बाकीच्या खोल्यांत खडू घेऊन फिरायचो. ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे रेष मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. जूनअखेर ओल वीतभर होती, जुलैच्या मध्यावर गुडघ्याला आली, ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात कमरेपर्यंत. एका खिडकीच्या वर मात्र भलतीकडेच डाग आला. वर चढून पाहिलं तर कौलांच्या पन्हळीचं पाणी नेमकं त्या भिंतीवर उडत होतं. दोन कौलं सरकवली, पन्हळ लांबवली, डाग पुढच्या आठवड्यात सुकला. त्या भिंतीला आधीच रंग असता तर मी पुढची पाच वर्षं दर दिवाळीला तिथे रंगच लावत बसलो असतो.

आणखी एक सोपी गोष्ट करता येते. प्लास्टिकचा दीड फुटाचा चौकोनी तुकडा घ्यायचा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट लावायचा. दुसऱ्या दिवशी बघायचं. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली ओल आहे, खिडक्या उघडा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. हवेतल्या दमटपणावर वॉटरप्रूफिंगचे महागडे डबे ओतले जातात.

आता आत लावायचं काय? ओल पिऊन सोडणाऱ्या भिंतीला तिच्यासारखंच श्वास घेणारं काहीतरी हवं. आमच्या आजोबांच्या घरात होता तो चुन्याचा गिलावा. मी तोच करायचं ठरवलं. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळल्यासारखा फुटतो, वाफ निघते, पिंपाला हात लावता येत नाही. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय कुणी जवळ जाऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विरलेला चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवायचा. किती? आमच्या गवंड्यानं महिनाभर सांगितलं होतं. मी दहा दिवसांत काढला.

त्याची निशाणी मी इथे टेबलावर आणली आहे. गिलाव्याचा हा तुकडा बघा. यावर वाटाण्याएवढे खड्डे आहेत आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा कण आहे. तो कण म्हणजे न विरलेला चुना. भिंतीत गेल्यावर तो सावकाश विरतो, फुगतो आणि वरचा टवका उडवून देतो. पहिल्या महिन्यात रात्री जमिनीवर टपटप आवाज यायचा, सकाळी केर काढताना हे टवके सापडायचे. ती भिंत आम्ही खरवडून पुन्हा केली. दुसऱ्या खेपेला चुना दोन महिने मुरवला, बारीक जाळीतून गाळला, खालच्या थराला सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, घातली. आज ती भिंत हात फिरवला तर लोण्यासारखी लागते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होत जातो, म्हणून त्याला घाई चालत नाही आणि कडक उन्हातलं कामही चालत नाही.

म्हणजे सिमेंट वाईट असं मी म्हणत नाही. न्हाणीत, मोरीच्या मागे, ओट्याच्या वर सिमेंट आणि टाइल्सच हव्यात. न्हाणीच्या जमिनीला फुटाला पाव इंच उतार नक्की द्या, नाहीतर पाणी दारात येऊन थांबतं.

चिरा आतून उघडाच ठेवला तर? पुष्कळ जण हे विचारतात. लॉरी बेकर यांचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा वास्तुतज्ज्ञ केरळमध्ये कित्येक वर्षं साधी, सुंदर घरं बांधत राहिला आणि २००७ साली तिरुवनंतपुरमलाच गेला. आदर्श घराचं सगळं साहित्य पाच मैलांच्या आत मिळावं, हे गांधीजींनी मुंबईत त्यांना सांगितलं आणि ते त्यांनी जन्मभर मनावर घेतलं. त्यांच्या कितीतरी भिंती आतून गिलाव्याशिवाय आहेत आणि फार देखण्या आहेत. आम्हीही ओटीची आणि जिन्याची भिंत तशीच ठेवली, फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, नीट भरून घेतल्या. पण झोपायच्या खोलीत नको. जांभ्याची बारीक लाल भुकटी पडत राहते, उशीच्या अभ्र्यावर येते, लहान मुलं भिंतीला टेकली की पाठ लाल. तिथे चुनाच बरा.

लाकडाचंही असंच. आमचे सुतार मेस्त्री सत्तरीचे. दारांसाठी फणसाच्या फळ्या आल्या, पिवळ्याधमक, चिकाचा वास येणाऱ्या. मी म्हटलं, मे महिन्यात सगळी दारं बसवून टाकू. मेस्त्रींनी फळी उचलली, कानाजवळ धरून बोटानं वाजवली आणि म्हणाले, "लाकूड अजून ओला आसा, भाऊ. ह्या दार आत्ता घट्ट बसयला तर आषाढात उघडूचा नाय." त्यांनी फळ्या पडवीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवल्या. पावसाळाभर तशाच.

दारं त्यांनी दिल्ह्यांची केली. दिल्हा म्हणजे दाराच्या चौकटीत मधे बसणारी फळी. चौकटीच्या खाचेत दिल्हा बसवला पण त्याला गोंद लावला नाही, खिळाही मारला नाही. मी विचारलं, हा हलतो कसा? ते म्हणाले, हलू दे, त्यासाठीच ठेवलाय. लाकूड पावसात आडवं फुगतं, वैशाखात आक्रसतं. खाचेत जागा असेल तर दिल्हा आतल्या आत सरकतो आणि दार वाकत नाही. गोंदानं जखडला तर मधोमध चीर जाते. दिल्ह्यांसाठी त्यांनी शिवणीचं लाकूड वापरलं, कारण ते हलकं असतं आणि फारसं पिळवटत नाही. चौकटीचे पाय त्यांनी जमिनीत गाडू दिले नाहीत, दगडी उंबरठ्यावर उभे केले. जमिनीत गेलेलं लाकूड म्हणजे वाळवीला घातलेली शिडीच.

वायरिंगबद्दल थोडक्यात. नळ्या गिलाव्याआधी टाका आणि भिंतीत आडव्या लांब खाचा खोदू नका, भिंत कमजोर होते. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा, म्हणजे उद्या खिळा मारताना वायर कुठे आहे ते कळेल. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवाच. आणि अर्थिंगचं काम स्वतः उभं राहून करून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठक्क होते, मग अर्थिंग नीट काम करत नाही, आणि आपल्याकडे विजा पडतात त्या नेमक्या वैशाखात आणि दसऱ्याच्या सुमाराला.

जमिनीत मला लाल कोबा, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची जमीन, हवा होता. त्याचा लाल रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि आपल्या चिऱ्याचा लालपणाही लोहाचाच. त्यामुळे भिंत आणि जमीन एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात. कोबा एकसलग घातला की तडकतो. गवंड्यानं मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या करून चार-चार फुटांचे चौकोन पाडले, म्हणजे जो आक्रसेल तो आपापल्या चौकोनात आक्रसेल. वर घोटाई झाली की मातीचे बांध घालून आठ दिवस पाणी उभं ठेवलं. त्या आठ दिवसांत कुणालाही घरात पाऊल टाकू दिलं नाही, अगदी मुंबईहून आलेल्या बहिणीलाही नाही. मग महिनाभर रोज खोबरेल तेलाचं फडकं. आई करायची ते. आज त्या जमिनीत खिडकी दिसते.

ओट्यावर मात्र मला आईनं वाचवलं. मी कडप्पा बसवणार होतो, काळा, गुळगुळीत, स्वस्त. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणला होता. आईनं त्यावर कोकमाचं आगळ वाटीनं ठेवलं, एक ओघळ खाली आला, तसाच रात्रभर राहिला. सकाळी पुसलं तर ओघळाच्या वाटेनं दगडाची चमक गेलेली, राखाडी पट्टा. कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीचे दगड, आंबट त्यांना खातं. ज्या घरात रोज सोलकढी होते, लिंबू पिळलं जातं, तिथे ग्रॅनाइटला दुसरा पर्याय मला दिसत नाही. थोडे जास्त पैसे गेले. जमिनीला, पडवीला शहाबादी खुशाल घाला, ओट्यावर नको.

आणि ओट्याची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. रोज जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला पोळपाटासमोर उभं करा, कोपर दुमडायला सांगा, कोपराच्या चार बोटं खाली खूण करा. आमच्याकडे ती खूण एकतीस इंचांवर आली. आई खाली बसून भाकरी थापते, तर तिच्यासाठी खिडकीखाली चूल आणि पाटाची जागा वेगळी ठेवली. उजेड तिच्या डाव्या बाजूनं येतो. ही जागाही पावसाळ्यानंच दाखवली. जुलैत सकाळी घरात कुठे उजेड असतो ते पाहत फिरत होतो, तेव्हा आई तिथेच तांदूळ निवडायला बसलेली दिसली.

सगळं काम दसऱ्यानंतर सुरू करून आम्ही पुढच्या होळीपर्यंत संपवलं. देवघराची भिंतही उकलली, सुकू दिली, चुन्यानं केली. तिला आता चार पावसाळे झाले. माळ्याखालचा भिंतीचा एक तुकडा आम्ही मुद्दाम उघडा ठेवला आहे, तिथल्या खडूच्या रेषा आणि तारखा अजून वाचता येतात. नवा गवंडी किंवा रंगारी आला की त्याला मी आधी तिथे नेतो.

टेबलावर चार वस्तू आहेत. खड्डे पडलेला गिलावा, त्याच्या शेजारी दुसऱ्या खेपेचा चांगला गिलावा, आगळानं खाल्लेला कडप्पा आणि दिल्हा-चौकटीचा हातभर नमुना. पुढे या, हातात घ्या. दिल्हा सरकवून बघा. मग प्रश्न विचारा, मी इथेच आहे.