‘आम्ही’ की ‘आपण’

नमस्कार मंडळी.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरी जुंपली, आणि तीही अमेरिकेच्या २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीवरून. नववीतल्या लेकीला शाळेच्या वादविवाद संघासाठी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी इच्छुकांमध्ये झालेल्या चर्चा पाहून त्यांतील आशेची भाषा टिपायची होती. ५ जानेवारीच्या न्यू हॅम्पशायरमधील चर्चेत हिलरी क्लिंटन यांनी देशाला खोट्या आशा दाखवू नयेत असे बजावले आणि बराक ओबामा यांनी शब्दांनीही माणसे कामाला लागतात असे उत्तर दिले, तेव्हा मी सवयीने क्लिंटनबाईंच्या बाजूने बोललो : स्वप्ने दाखवायला काय जाते, हिशेब कोण देणार? लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही मराठीत फक्त ‘नाही’ म्हणता. ‘हो’ म्हणायचं असलं की ‘शुअर’ म्हणता.”

मला काही सुचले नाही, म्हणून मी पुढची चर्चा लावली.

ती २१ फेब्रुवारीची, ऑस्टिनची. ओबामांनी मित्राच्या भाषणातले शब्द उचलले होते. त्यावर हा बदल नव्हे, ही झेरॉक्स आहे, असा टोला क्लिंटन यांनी मारला आणि सभागृहाने त्यांचीच हुर्यो उडवली. मी मात्र मनातून ओशाळलो, कारण आपल्या मंडळाच्या खजिनदारपदासाठी उभा राहिलो तेव्हाचे माझे भाषण आदल्या वर्षीच्या उमेदवाराचेच होते, फक्त श्रीखंडाच्या जागी बासुंदी घातली होती. तुम्ही हुर्यो केली नाहीत. वड्यांची रांग लागली होती. त्याच रात्री शेवटी क्लिंटन प्रतिस्पर्ध्याशेजारी बसण्याचा मान मिळाला असे म्हणाल्या आणि निकाल काहीही लागो, आम्हा दोघांचे ठीकच होईल, काळजी जनतेची करायची आहे, असे बोलल्या, तेव्हा तेच सभागृह उठून उभे राहिले.

लेकीने ओबामांच्या ‘येस वुई कॅन’ या घोषणेचे मराठी केले : ‘होय, आम्ही करू शकतो.’ मी चूक काढली, ‘आम्ही’ नव्हे, ‘आपण’. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरवावा लागतो. ऐकणाऱ्याला वाक्यात घेणारा वेगळा शब्द आपल्याकडे आयता आहे. आणि आपल्या वार्षिक सभेत काय ऐकू येते? व्यासपीठावरून “आम्ही एवढं केलं”, खालून “तुम्ही ते केलं नाहीत”. मराठी शाळेसाठी आणखी एक खोली घेऊ असे कोणी म्हटले, की भाडे, विमा, पार्किंग, आणि मग “मागच्या वेळचं आठवतंय ना?” शंका रास्त असतात, पैसा वर्गणीचाच असतो, पण त्या शंकांना ‘आपण’ने सुरुवात करायला काय हरकत आहे?

लेकीने वहीत ‘आपण’ लिहून घेतले. मग विचारले, “ओबामा म्हणाले होते ते सगळं झालं का?”

“सगळं नाही,” मी म्हणालो. तिने नुसते माझ्याकडे पाहिले.