ज्याचा ओटीपी, त्याचंच सेशन

(यवतमाळ जिल्ह्यातील सेवा केंद्रचालक आणि शेतकरी कंपन्यांच्या संगणकचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, ताईंनो,

पीक विम्याचे दिवस आले, अनुदानाच्या याद्या लागल्या, की तुमच्या केंद्रावर रात्रीपर्यंत एकच काम चालतं. लॉगिन करा, अर्ज क्रमांक टाका, स्थिती वाचा, वहीत उतरवा, पुढचा क्रमांक घ्या. हे काम यंत्राकडून, म्हणजे संगणकातल्या प्रोग्रामकडून, करून घेता येतं, आणि घ्यावंच असं माझं ठाम मत आहे. त्या वेळात तुम्ही समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलू शकता. यंत्राला क्लिक करायला शिकवणं फार अवघड नाही, ते तुम्ही लवकर शिकाल. त्याच्या आधीची तयारी म्हणजे सेशन, लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत संकेतस्थळानं आपल्याला ओळखत राहणं. घोळ होतो तो तिथे, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

ज्या पद्धतीनं ब्राउझर आणि सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाचा संगणक, एकमेकांशी बोलतात, त्या एचटीटीपीला मुळात आठवण नाही. तुम्ही आत्ता लॉगिन केलंत हे पुढच्या क्लिकला त्याला माहीत नसतं. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी यावर कुकीचा उपाय काढला. लॉगिन झालं की सर्व्हर एक लांबलचक खूण देतो आणि ब्राउझर ती प्रत्येक मागणीसोबत परत दाखवतो. यात्रेतल्या सायकल स्टँडवरचा बिल्ला आठवा. स्टँडवाला तुमचं तोंड पाहत नाही. ज्याच्या हातात बिल्ला, त्याला सायकल. कुकीचंही तसंच आहे. ती ज्याच्या हाती लागली, त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

आता आपल्याकडे काय चालतं ते पाहा. केंद्रावर एक क्रोम, त्यात एकच प्रोफाइल, आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं लॉगिन त्यातच. एकाचं लॉगआउट राहून गेलं की दुसऱ्याची माहिती पहिल्याच्या खात्यात जाऊन बसते. हातानं काम करताना निदान वरचं नाव दिसतं, माणूस थबकतो. यंत्र थबकत नाही. ते चुकीच्या खात्यात तितक्याच वेगानं काम करत राहतं. म्हणून पहिला नियम मनाशी पक्का करा: एक माणूस, एक सेशन.

ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं फुकट आहेत. सेलेनियम २००४ पासून आहे, पपेटियर २०१७ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० मध्ये. मी प्लेराइट सुचवतो, कारण त्यात ‘कॉन्टेक्स्ट’ नावाची सोय आहे. ब्राउझर एकच उघडायचा आणि त्याच्या आत प्रत्येक शेतकऱ्यासाठी वेगळा कॉन्टेक्स्ट. प्रत्येकाच्या कुकी वेगळ्या, साठवण वेगळी. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा येत असेल तर या गोष्टी मोजक्या ओळींत होतात.

लॉगिन मात्र माणसानंच करायचं. खिडकी डोळ्यांसमोर उघडी ठेवा, शेतकरी शेजारी बसू द्या, ओटीपी त्याच्या फोनवर येऊ द्या आणि कशासाठी घेतो आहोत ते त्याला सांगून मगच टाका. लॉगिन झालं की प्लेराइटला ‘स्टोरेज स्टेट’ जतन करायला सांगायचं. कुकी आणि लोकल स्टोरेज, म्हणजे संकेतस्थळानं ब्राउझरमध्ये ठेवलेली माहिती, एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उतरतं. पुढच्या वेळी ती फाइल देऊन कॉन्टेक्स्ट उघडला की थेट आतलं पान मिळतं. एक ध्यानात ठेवा, ‘सेशन स्टोरेज’, म्हणजे टॅब बंद होईपर्यंतच टिकणारी साठवण, त्या फाइलमध्ये येत नाही. ज्या संकेतस्थळाची लॉगिनची खूण तिथे असते, तिथे निव्वळ फाइलनं भागत नाही. शिवाय काही मिनिटं हालचाल झाली नाही तर सर्व्हर स्वतःच सेशन संपवतो. फाइल तुमच्याकडे असली तरी ती मुदत वाढत नाही.

म्हणून काम सुरू करायच्या आधी सेशन जिवंत आहे का, हे यंत्रानं तपासलं पाहिजे. लॉगिननंतरच दिसणारं एखादं पान उघडायचं आणि त्यावरचं नाव आपल्या यादीतल्या नावाशी जुळवायचं. जुळलं तर पुढे जा. लॉगिनचं पान दिसलं किंवा नाव वेगळं निघालं तर थांबून माणसाला हाक मारा. यंत्राला परत परत पासवर्ड टाकू देऊ नका, खातं बंद पडू शकतं आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो.

ती जेसन फाइल म्हणजे तोच बिल्ला. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर फिरवू नका, आणि काम झालं की लॉगआउट करून पुसून टाका. तुमचं रोजचं क्रोम प्रोफाइलही यंत्राला देऊ नका. बाहेरच्या प्रोग्रामला क्रोम चालवू देणारी ‘रिमोट डीबगिंग’ नावाची वाट आहे. कुकी चोरणारे तीच वापरत होते, म्हणून २०२५ मध्ये क्रोमनं १३६व्या आवृत्तीपासून मूळ प्रोफाइलवर ती बंद केली. वेगळं फोल्डर करा, वेगळं प्रोफाइल ठेवा.

प्रत्येक कामाला हा खटाटोप लागत नाही. पणन मंडळाच्या किंवा ॲगमार्कनेटच्या पानावर कापूस-तुरीचे भाव पाहायला लॉगिन लागत नाही. तिथे रोज कोरा कॉन्टेक्स्ट उघडा, भाव घ्या, बंद करा. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

झरी-जामणीकडच्या मंडळींना नेटची अडचण ठाऊक आहे. ‘दहा सेकंद थांब’ असं यंत्राला सांगून काही होत नाही, कारण कधी दोन सेकंद पुरतात तर कधी चाळीसही पुरत नाहीत. ‘हे बटण दिसेपर्यंत थांब’ असं सांगा. प्लेराइट मुळात तीस सेकंद वाट पाहतं, ती मर्यादा वाढवता येते. आणि दोन मागण्यांमध्ये थोडी उसंत ठेवा. ते संकेतस्थळ आपल्यासारख्या हजारो केंद्रांचं आहे.

कॅप्चा आला तर तो माणसानंच भरायचा. तो चुकवण्याच्या युक्त्या मी शिकवणार नाही. संकेतस्थळाच्या अटींमध्ये यंत्राला मनाई असेल तर ते काम हातानंच करा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ विनापरवानगी प्रवेशाबद्दल आहे, ते एकदा वाचून घ्या.

मागून एका भाऊंनी विचारलं, “सर, मधातच लाईट गेली तं?” फार महत्त्वाचं विचारलंत. प्रत्येक अर्ज वाचून झाला की त्याची ओळ लगेच फाइलमध्ये लिहायची, शेवटी एकदम नाही. लाईट आली की यंत्र ती फाइल वाचेल आणि झालेले क्रमांक सोडून पुढून सुरू करेल. पण हे फक्त वाचायच्या कामाला चालतं. अर्ज भरायचा असेल तर ‘सबमिट’ माणसाच्या हाती ठेवा. बटण दाबलं आणि उत्तर यायच्या आत वीज गेली, तर अर्ज पोचला की नाही हे तुमच्या फाइलला कळत नाही. अशा वेळी शेतकऱ्याला बोलावून पुन्हा लॉगिन करा, आधी त्याच्या अर्जांची यादी उघडा, आणि तो अर्ज तिथे दिसला नाही तरच दुसऱ्यांदा भरा.