पिवळी पट्टी बंद करू नका, तिला शहाणी करा

मंडळी, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, सोसायटीचे गटसचिव, सेवा केंद्र चालवणारे भाऊ-ताई, सगळे वेळात वेळ काढून आलात. एक्सेलची यादी उघडली की वर येणारी ती पिवळी पट्टी तुम्हाला नवी नाही. ‘एनेबल एडिटिंग’ दाबल्याशिवाय एक आकडाही बदलू देत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मी बसलो होतो. पीक विम्याचे शेवटचे दिवस, बाहेर धो धो पाऊस, रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आलेली. आतला पोरगा हुशार, हात मोठा चपळ. पट्टी आली की दाबली, पुन्हा आली की पुन्हा दाबली. काउंटरवरचे म्हातारबाबा बराच वेळ पाहत होते. म्हणाले, “काहून रे बाबू, हे मशीन घडीघडी काय इचारते तुले?” पोरगा म्हणाला, “काही नाही बाबाजी, त्याले हो म्हनाच लागते.”

सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण त्याच संगणकात त्या बाबांचं आधार, सातबारा, पासबुक सगळं होतं! पुढे दुरुस्तीवाला आला आणि कटकट नको म्हणून प्रोटेक्टेड व्ह्यूचे, म्हणजे फाइल आधी फक्त वाचायला उघडून ही पट्टी दाखवणाऱ्या सोयीचे, तिन्ही खूण-चौकोन काढून गेला, मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, तेही सरसकट मोकळे केले. माझा राग पोरावर नाही, या सरसकटपणावर आहे. जागलीवरचा माणूस दर सळसळीला ओरडला, तर रानडुक्कर आलं तरी कोणी उठत नाही. म्हणून काय जागलच बंद करायची?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मुद्द्याचं भराभर सांगतो.

नेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. हे २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासूनचं. ऑफिस २०१० पासून ती खूण पाहूनच पट्टी येते, आणि २०२२ पासून अशा फाइलमधले मॅक्रो थेट अडवले जातात. तेव्हा पट्टी लाल असते. एकच फाइल खात्रीची असेल, तर तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘अनब्लॉक’. तिची खूण गेली, बाकीच्यांचा पहारा कायम.

रोजच्या नमुन्यांसाठी वेगळा फोल्डर करा आणि एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ इथे तेवढाच जोडा. तिथली फाइल विचारणा न करता उघडते, मॅक्रोही चालतात, म्हणून त्यात फक्त स्वतः तपासलेलंच ठेवायचं. डाउनलोड्सचा फोल्डर तिथे चुकूनही जोडू नका, गावभरचं व्हॉट्सअ‍ॅप त्यातच उतरतं.

आणि पेन ड्राइव्ह. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या साठवणीच्या पद्धतींचे असतात, त्यावर ही खूण टिकत नाही. फाइल तीच, धोका तोच, पण पट्टी येत नाही. तालुक्याहून कोणी पेन ड्राइव्ह आणून दिला, तर आधी अँटिव्हायरसने तपासा, मगच उघडा. लॅपटॉप आणलेत त्यांनी मागच्या बाकांवर थांबा, चहा होईपर्यंत तुमचा फोल्डर लावून देतो.