मयताने पाठीमागून धडक दिली

(पडद्यावर अंधार. मोटारसायकलच्या उजेडात डांबरावर चार दगड आणि लिंबाची सुकलेली फांदी.)

हे दगड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ट्रकचा पाटा तुटला, एक्सल गेला, की क्लिनर खाली उतरतो. कडेचे दोन-चार दगड उचलून गाडीमागे मांडतो, वर झाडाची फांदी टाकतो. झाली सोय! खरं तर तिथे रिफ्लेक्टरचा त्रिकोण हवा, पार्किंग लाइट चालू हवेत, मागच्या फाळक्यावर चकाकणारी पट्टी हवी. बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. मिस्त्री येतो, गाडी दुरुस्त होते, निघून जाते. दगड मात्र तिथेच.

उसाचा हंगाम लागला की अशा बिनदिव्याच्या ट्रॉल्या सगळ्या साखरपट्ट्यात दिसतात. आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तरी वेगळं काय आहे? तिथेही कडेला ट्रक लावून झोपणारे ड्रायव्हर असतातच.

एक उदाहरण धरू. पस्तीस वर्षांचा गवंडी. घरात बायको, दोन मुलं, आई. महिन्याला पंधरा हजार सुटतात. रात्री साडेनऊला कामावरून परतताना तो अशाच उभ्या ट्रकवर मागून आदळतो आणि जागीच जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे सगळे ग्रामीण रुग्णालयाच्या शवविच्छेदन खोलीबाहेर बसलेले असतात. त्याच वेळी तिकडे रस्त्यावर पंचनामा चालू असतो. तिथे हजर कोण? ड्रायव्हर, मालकाचा माणूस आणि वाटेवरून बोलावलेले दोन पंच. आणि कागदावर एक वाक्य उतरतं.

(कागद जवळून. निळ्या शाईतल्या ओळीवरून बोट सरकतं.)

"मयताने आपले ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व अविचाराने चालवून रोडचे कडेला उभे असलेले ट्रकला पाठीमागून धडक दिली."

पोलिसी मराठीतलं हे ठरीव वाक्य आहे. लिहिणाऱ्याच्या मनात खोट असेलच असं नाही. हाताला वळण पडलेलं असतं. पण या वाक्याची किंमत मोजता येते, आणि ती मोजायलाच हवी.

अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ते भरपाई कशी काढतं ते बघा. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. स्वतःचं काम करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात सांगितलं. झाले २ लाख ५२ हजार. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा. उरले १ लाख ८९ हजार. मयताच्या वयावरून जितक्या पटीने गुणायचं तो आकडा म्हणजे गुणक, पस्तिशीला सोळा. या गुणकांचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा खटल्यातला. गुणाकार होतो ३० लाख २४ हजार. अंत्यविधी, सहवासाला मुकणं वगैरे त्यावर वेगळं.

आता विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि पंचनाम्यातली तीच ओळ वाचून दाखवतो. न्यायाधिकरणाने चूक दोघांची निम्मी-निम्मी धरली, तर १५ लाख १२ हजार तिथल्या तिथे गेले. सगळी चूक मयताचीच ठरली, तर या हिशेबातला एक रुपयाही हाती येत नाही.

मग राहतं मोटार वाहन कायद्याचं कलम १६४. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. एकदा ती घेतली की मोठा दावा संपला. म्हणून कोणी घाईघाईने त्या अर्जावर सही घेत असेल, तर आधी वरचा हिशेब मांडून बघा.

त्या वाक्याला उत्तर काय? ट्रक नेमका कुठे उभा होता, हेच. पांढऱ्या पट्टीच्या आत किती फूट? मागचे दिवे लागत होते का, पट्टी होती का, की चिखलाने झाकली गेली होती? घरातल्या एकाने, भावाने, मेव्हण्याने, गावातल्या कोणीही, रडारड चालू असतानाच रस्त्यावर जायचं. ट्रक हलवायच्या आत त्याच्या पाठीमागचा फोटो काढायचा, नंबरप्लेट आणि पांढरी पट्टी दोन्ही एकाच चौकटीत येतील असा. सांगायला कठोर वाटतं, पण हे दुसऱ्या दिवशी जमत नाही. ढाब्याच्या, पेट्रोल पंपाच्या, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा असा लेखी अर्ज पोलिसांना द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय.

पंचनाम्यात ट्रकच्या दिव्यांचा उल्लेखच नसेल, तर तेही लेखी कळवता येतं. रस्त्यात अडथळा होईल अशी गाडी उभी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. फिर्यादीत ते कलम लागलंय का, हे विचारणं तुमच्या हक्काचं आहे.

आणि एक गोष्ट पोलीस ठाण्यात क्वचितच कोणी सांगतं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. दहा दिवसांच्या आत 'नमुना दोन' पीडितांच्या हाती द्यायचा असतो. त्यात लिहिलेलं असतं, तुमचे हक्क काय. हो, हक्क समजावून सांगणारा छापील कागदच कायद्यात आहे. तो मागा.

त्याच तारखेपासून दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदतही परत आली. जुने लोक अजून म्हणतात, "क्लेमला मुदत नसते." १९९४ नंतर बरीच वर्षं ते खरंही होतं. आता दिवस-कार्य, वर्षश्राद्ध उरकून वकिलाकडे जाऊ म्हणाल, तर मुदत टळल्याचा वाद अंगावर येऊ शकतो. दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असंही नाही. अपघात सुरतेजवळ झाला आणि घर बीडला असेल, तरी बीडमध्ये दावा चालतो.

दवाखान्याच्या दारातच एक माणूस भेटतो. अगदी आपुलकीने बोलतो, चहा पाजतो, म्हणतो, "ताई, तुम्ही काही बघू नका, फक्त इथे सही करा." कोरं वकीलपत्र असतं ते. 'मिळेल त्यातले इतके टक्के' या बोलीवर काम घेणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तालुका विधी सेवा समिती बहुधा त्याच कोर्टाच्या आवारात असते. ट्रकच्या मालकाने पन्नास हजार देऊन लिहून घेतलेली "आमची काही तक्रार नाही" अशी चिठ्ठीही पुढे कोर्टात बाहेर निघते.

ट्रक पळून गेला, नंबरही मिळाला नाही, तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत. आणि मयताच्या स्वतःच्या मोटारसायकलची पॉलिसी काढून बघा. गाडी त्याच्या नावावर असेल, लायसन्स चालू असेल, तर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर त्यात असू शकतं. ट्रंकेतल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद घडी घातलेला असतो आणि कोणी उघडूनही बघत नाही.

(पुन्हा तोच रस्ता. तिसरा दिवस, रात्रीचे साडेनऊ.)

गवंड्याचा धाकटा भाऊ त्याच वेळी तिथे आलाय. ट्रक नाही. हातात मीटरची टेप, मेस्त्री कामावर वापरतात ती, दादाच्याच पिशवीतली. टेपचं एक टोक त्याने पांढऱ्या पट्टीवर पायाखाली दाबून धरलंय. दुसरं टोक रस्त्याच्या आत नेऊन पहिल्या दगडाला टेकवतो. मोबाइलचा दिवा टेपवर धरतो, आकडा वाचतो, मग फोटो घेतो.