किरणांना पुरून उरणारे जिवाणू आणि त्यांचा चिकट थर

द्राक्षबागेत ठिबक वापरणाऱ्या आपल्या नाशिकच्या शेतकऱ्याने जैवपटल, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर (बायोफिल्म), हाताळलेले असते. ड्रिपर तुंबले की तो लॅटरलचे, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीचे, टोक उघडून पाणी सोडतो आणि बाहेर आलेला तपकिरी, बुळबुळीत साका बोटांवर चोळून पाहतो. नळीला चिकटलेल्या जिवाणूंनी शर्करा, प्रथिने आणि डीएनए स्वतःभोवती सोडून ती वस्ती बांधलेली असते. म्हणूनच नुसत्या पाण्याने ती सुटत नाही, क्लोरीन किंवा आम्ल सोडावे लागते.

किरणोत्सारही आपल्या जिल्ह्याला नवा नाही. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबवतात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यांवरही तिथेच प्रक्रिया झाली. कांद्याचा कोंब थांबवायला १०० ग्रेपेक्षाही (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) कमी मात्रा पुरते. माणसाच्या सर्व शरीराला ५ ग्रे मिळाले तर ते जिवावर बेततात. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा गुलाबी-लाल जिवाणू मात्र ५,००० ग्रे सोसूनही वाढतो. १९५६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन येथे आर्थर अँडरसन यांना तो सापडला, तोही गॅमा किरण देऊनही नासलेल्या डबाबंद मांसात.

एवढ्या मात्रेने त्याच्या गुणसूत्रांचे शंभराहून अधिक तुकडे होतात. इतर जिवाणूंचा डीएनए तुटतो तसाच याचाही तुटतो. फरक पुढे आहे. पेशीत साठलेले मँगनीज दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना ऑक्सिडीकरणापासून वाचवते, म्हणून कारागीर शाबूत राहतात. मग पीपीआर-आय हे प्रथिन दुरुस्तीची जनुके दाबून धरणाऱ्या डीडीआर-ओ या प्रथिनाला कापते, ती जनुके मोकळी होतात, आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती पेशीत असल्यामुळे एका तुकड्याच्या टोकाला दुसऱ्या प्रतीचा नमुना लावून काही तासांत सगळी साखळी पुन्हा जुळते. पृथ्वीवर इतका किरणोत्सार नैसर्गिकरीत्या कुठेच नाही; मग ही क्षमता आली कोठून? १९९६ मध्ये या जिवाणूचे किरणांना बळी पडणारे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) प्रकार तपासले, तेव्हा ते सुकवल्यावरही मरतात असे दिसले. सुकण्यानेही डीएनए तुटतो. म्हणजे ही तयारी मुळात कोरडेपणासाठीची आहे, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पाणी धरून ठेवणारा थर सुकण्यापासून बचाव करतो. तेव्हा हा जिवाणू उत्तम जैवपटल बांधत असेल, असे कुणालाही वाटेल. पण प्रयोगशाळेत वापरला जाणारा त्याचा आर-१ हा मूळ वाण तसे करत नाही. त्याचा नातलग डायनोकॉकस जिओथर्मॅलिस मात्र कागद कारखान्यांतील गरम यंत्रांवर गुलाबी थर धरतो, आणि पृष्ठभागाला धाग्यांसारख्या पिलींनी घट्ट चिकटतो. किरणांचा प्रतिकार दोघांतही आहे, घर बांधण्याची सवय सारखी नाही. याचा अर्थ या दोन क्षमता एकाच जनुकसंचाच्या आज्ञेत नाहीत.

पुष्कळ जिवाणूंमध्ये चिकटायचे की भटकायचे हा निर्णय सायक्लिक-डाय-जीएमपी या छोट्या रेणूच्या पातळीवर ठरतो: काही एन्झाइमे तो बनवतात, काही मोडतात, आणि पातळी वाढली की पेशी थर धरू लागतात. आर-१ च्या बाबतीत कल्पक्कम येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना निराळेच काही दिसले. हिरवे चमकणारे प्रथिन आणि कॅनामायसिन या प्रतिजैविकाचा रोध यांची जनुके असलेला प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे कडे) घातलेला वाण जैवपटल बांधू लागला, आणि माध्यमात कॅल्शियम वाढवल्यावर थर अधिक भरला.

ही धडपड युरेनियमयुक्त सांडपाण्यासाठी आहे. याच केंद्राच्या तुर्भे येथील संशोधकांनी २००६ मध्ये साल्मोनेलाचे फोन-एन हे जनुक या जिवाणूत घातले होते. त्याचे एन्झाइम फॉस्फेट मोकळे करते, फॉस्फेट युरेनियमशी जुळते आणि न विरघळणारा साका पेशीवरच बसतो. पेशी पाण्यात सुट्या तरंगत असतील, तर त्यांना गाळून वेगळे काढण्याचे काम उरते. त्या एखाद्या पट्टीवर थर धरून बसल्या, तर युरेनियम त्या थरावरच अडकते आणि पट्टी उचलली की पाण्याबाहेर येते.